हातचे काम आणि अंतःकरणाचा आनंद

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१–१७, ३५:२०–३५, ३६:१–७

देवाने आपल्या आत्म्याने अमुक मनुष्यास परिपूर्ण केले, असे पवित्र शास्त्रात नाव घेऊन प्रथम कोणाविषयी लिहिले आहे? हा प्रश्न शब्बाथशाळेत विचारला असता कोणी अब्राहाम म्हणेल, कोणी मोशे म्हणेल, आणि एखादे चाणाक्ष मूल योसेफाचे नाव घेईल. योसेफाच्या ठायी देवाचा आत्मा आहे असे उद्गार निघाले खरे. परंतु ते फारोच्या तोंडचे होते. देवाने स्वमुखाने ज्याच्याविषयी ही गोष्ट सांगितली तो ना संदेष्टा होता, ना याजक, ना राजा. तो कारागीर होता. यहूदाच्या वंशातील ऊरीचा पुत्र बसालेल हे त्याचे नाव. सोने, रुपे व पितळ घडविणे, कोंदणात बसविण्याकरिता रत्ने कापणे, लाकडावर नक्षी कोरणे, ही त्याची कामे. त्याच्या जोडीस दान वंशातील अहलियाब नेमला गेला. ह्याच्याही थोडे आधी, अहरोनाची वस्त्रे तयार करणाऱ्यांस देवाने ज्ञानाच्या आत्म्याने भरले असा उल्लेख येतो. पण त्या बिचाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत ह्या वचनाकडे जितके लक्ष जावयास पाहिजे तितके गेलेले नाही. आत्म्याने भरलेला मनुष्य म्हणजे उंच स्वराने प्रार्थना करणारा, असा आपला सर्वसाधारण समज आहे. सुताराचा रंधा, लोहाराचा भाता, शेतकऱ्याची पाभर, आजीबाईची सुई, ह्यांचा आत्म्याशी काही संबंध असेल हे आपल्या मनात सहसा येत नाही. रविवार देवाचा व सहा दिवस पोटाचे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. ह्याचा परिणाम असा होतो की, जो मनुष्य आपल्या हातच्या कामात खरोखर रमतो, तो आपला आनंद देवापुढे कधी आणीतच नाही. तो आनंद संसारातला, म्हणून कमी प्रतीचा, असे त्यास वाटते. क्वचित् त्याची त्यास लाजही वाटते.

हा आनंद कोणता, हे शब्दांनी सांगणे कठीण; पण ज्याने तो पाहिला आहे त्यास ओळख पटेल. गोधडी शिवावयास बसलेली एखादी वृद्ध भगिनी पाहावी. जुन्या लुगड्याचा कोणता तुकडा कोठे लावावा ह्याचा ती मनाशी विचार करते, मग कडेपासून टाके घालीत आत आत जाते. सकाळी उंबऱ्याजवळ असलेले ऊन केव्हा ओसरीवर आले व केव्हा परसात गेले, हे तिच्या गावीही नसते. सून जेवावयास हाक मारते तेव्हा ती दचकून वर पाहते. गुडघे दुखत असतात, ते तिला आता आठवते; मघाशी आठवत नव्हते. ती हसत होती काय? नाही. कोणी विचारले असते की, “आजी, तुम्ही सुखी आहात का?” तर तो प्रश्नच तिला विचित्र वाटला असता. तरी त्या चार घटकांत ती जितकी सुखी होती तितकी सणाच्या जेवणातही नसते.

याकोबाने राहेलसाठी सात वर्षे लाबानाची चाकरी केली व तिच्यावरील प्रीतीमुळे ती वर्षे त्यास थोड्या दिवसांसारखी वाटली, असे उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायात आहे. (पुढे लाबानाने फसविले ती गोष्ट निराळी.) उपदेशक ग्रंथाच्या ५ व्या अध्यायाच्या शेवटीही हाच विचार आला आहे. आपल्या श्रमात आनंद मानणे हे ज्यास देवाने दिले आहे, तो आपल्या आयुष्याच्या दिवसांचा हिशेब करीत बसत नाही, कारण देव त्याचे मन आनंदात गुंतवून ठेवितो, असा त्या वचनाचा आशय आहे. हा ग्रंथ जगातील सर्व खटाटोप व्यर्थ म्हणणारा. त्या ग्रंथकर्त्यानेसुद्धा ही एक गोष्ट व्यर्थाच्या यादीतून काढून देवाच्या देणगीत घातली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथे कोणी वाचक पत्र बाजूस ठेवून म्हणेल, “हे ऐकावयास बरे आहे. पण ज्यांचे काम त्यांनी निवडलेच नाही, त्यांनी काय करावे?” हा प्रश्न रास्त आहे, आणि तो चुकवून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे वाडवडील जन्मानेच कामास बांधलेले होते. मेलेले ढोर ओढणे, दोर वळणे, पाटलाचा सांगावा घेऊन दुसऱ्या गावी धावत जाणे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, ही कामे त्यांनी प्रीतीने पत्करली नव्हती. त्यांच्या माथी ती मारली होती, आणि वर वतनाचे गोंडस नाव दिले होते. महारवतनाच्या ह्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणिले. ती वतने प्रत्यक्षात रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. वेठबिगारी बंद करणारा कायदा तर १९७६ सालचा. अशा लोकांच्या नातवांस, “कामावर प्रीती करा म्हणजे सुख मिळेल,” असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागला तर त्यांच्या कपाळास आठी पडावी हे साहजिक आहे. मालक मंडळींनीही हाच उपदेश पूर्वी केला होता.

म्हणूनच बसालेलाची गोष्ट जेथे आहे तेथेच ठेवून वाचावी. ती निर्गमाच्या पुस्तकात आहे. ह्या पुस्तकाच्या आरंभी हेच लोक मिसरात विटा थापीत होते. मुकादम डोक्यावर उभा. रोजच्या विटांची संख्या ठरलेली. पुढे भुसादेखील देण्याचे बंद झाले, तो तुम्हीच गोळा करा आणि विटा मात्र एकही कमी भरता कामा नये, असा फारोचा हुकूम झाला. त्या विटांवर प्रीती करा असे देवाने त्यांस सांगितले काय? मुळीच नाही. देवाने त्यांचे ओरडणे ऐकिले व त्यांस तेथून काढिले. प्रथम सुटका झाली, मग मंडप. हा क्रम कोणी उलटा करू नये.

परंतु सुटका झाल्यावर काय घडले तेही पाहावे. मिसर सोडल्यास वर्ष पुरे होण्याच्या आत तेच हात पुन्हा कामास लागले. चिखल तुडविण्याने ज्यांच्या पायांस भेगा पडल्या होत्या तेच लोक आता बाभळीच्या लाकडाच्या फळ्या तासू लागले. बाभूळ म्हणजे काय हे आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. नांगर व वखर तिचेच होत असत. देवाने आपल्या निवासस्थानाकरिता चंदन मागविले नाही, रानात उभी असलेली बाभूळ मागितली. स्त्रियांनी निळे, जांभळे व किरमिजी सूत कातिले. कित्येकींनी शेळ्यांचे केस कातिले. हे काम कोणी करावे, तर ज्याच्या मनास आतून स्फूर्ती झाली त्याने. मोशेने पट्टी बसविली नाही. आणि लोक रोज सकाळी इतके जिन्नस आणू लागले की, कारागिरांस हातचे काम टाकून मोशेकडे जावे लागले. मग छावणीत दवंडी फिरली की, आता पुरे, कोणी आणखी आणू नये! आपल्या कोणत्या मंडळीत वर्गणीच्या बाबतीत अशी दवंडी पिटावी लागली आहे, हे आम्हांस कोणी कळविल्यास आम्ही ते आनंदाने छापू.

फारोच्या राज्यात श्रम मोजले जात होते. मंडपाच्या कामात कोणी कोणाचे श्रम मोजल्याचा एक शब्दही नाही. धातूंचे वजन मात्र शेकेलापर्यंत लिहून ठेविले आहे व तो हिशेब अहरोनाचा पुत्र इथामार ह्याच्या देखरेखीखाली झाला आहे. मंडळीच्या खजिनदारांनी निर्गमाचा ३८ वा अध्याय अवश्य वाचावा.

आजही विटा थापण्याचे दिवस सर्वांचे संपले आहेत असे नाही. बीड व नगर (आता अहिल्यानगर) ह्या भागांतील आपली कित्येक कुटुंबे दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडावयास जातात. तेथे नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरिली जातात. मनुष्याचे नाव गेले, हत्याराचे नाव राहिले. त्यांस आम्ही ऊसतोडीत रमा असे सांगणार नाही. वजनकाटा खरा असावा, उचलीचा हिशेब लेखी असावा, मुलांची शाळा बुडू नये, ह्याकरिता मंडळीने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, हा तेथला धर्म आहे. परंतु ज्याचा दिवस दुसऱ्याने विकत घेतला आहे त्याच्याही जवळ देवाने काही ठेविले आहे, हे आम्ही पाहिले आहे. कोपीपुढे रात्री कोणी ढोलकी काढून भजनास बसतो. कोणी बाई दुपारच्या घटकाभर विसाव्यात पोराच्या टोपीस रंगीत दोऱ्याने वेल भरते. त्या घटकेत त्यांस मुकादम दिसत नाही. ही बारीक वात कोणी फुंकून टाकू नये. विशेषतः उपदेशकाने तर कधीच टाकू नये. ढोलकी ही जुन्या धर्मातली म्हणून ती अडगळीत टाका, असे पूर्वी काही ठिकाणी सांगण्यात आले. ज्या हाताने विटा थापल्या त्याच हाताने कोश घडविता येतो, हे सांगणाऱ्यांच्या ध्यानात राहिले नव्हते.

ह्या विषयाचा अलीकडे विद्वानांनीही अभ्यास केला आहे. मूळचे हंगेरियन, पण अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात अध्यापन केलेले मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) ह्यांनी डोंगर चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, शस्त्रक्रिया करणारे, नृत्य करणारे अशा नाना प्रकारच्या लोकांस त्यांच्या कामातील आनंदाविषयी विचारिले. पुष्कळांनी एकच उपमा दिली की, आपण जणू पाण्याच्या ओघात वाहत जातो. त्यावरून त्या अवस्थेस त्यांनी ‘प्रवाह’ असे नाव दिले व १९९० साली त्याच नावाचे पुस्तक लिहिले. काम आपल्या शक्तीच्या फार खाली असेल तर कंटाळा येतो, फार वर असेल तर धास्ती वाटते. शक्तीस पुरेपूर ताण देईल इतपत ते असावे, काय साधावयाचे ते स्पष्ट असावे, आणि साधते आहे की नाही हे त्या क्षणी कळावे, म्हणजे मन त्यात बुडते, असे त्यांचे म्हणणे. पाभर धरणाऱ्यास हे नवे नाही. तास सरळ गेले की वाकडे, हे सांगावयास दुसरा कोणी लागत नाही. नांगरास हात घालून मागे पाहू नये हे प्रभूचे बोल ज्याने नांगर धरिला आहे त्यास टीकाग्रंथावाचून समजतात.

त्याच विद्वानांच्या व त्यांच्या सहकाऱ्याच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. लोकांजवळ संदेश देणारे लहान यंत्र ठेवून, ते वाजेल त्या क्षणी आपण काय करीत आहो व मनाची स्थिती कशी आहे हे लिहावयास सांगितले होते. तल्लीनतेचे असे क्षण लोकांस रिकाम्या वेळेपेक्षा कामावर असताना अधिक वेळा आलेले दिसले. तरी कामावर असताना आपण दुसरीकडे असतो तर बरे, असेही तेच लोक लिहीत होते. सुख हाताखाली असता मन शेजारच्या शेतात चरावयास जाते, ही मनुष्याची जुनी खोड आहे.

मार्थेचे तेच झाले. तिने स्वयंपाक केला म्हणून प्रभूने तिला बोल लाविला नाही. स्वयंपाक करणारे हात त्यास प्रिय होते. तिचे हात चुलीपाशी होते व डोळे मरीयेवर होते, ह्याचे त्यास वाईट वाटले. आता तर प्रत्येकाच्या खिशात एक मोबाइल आहे. तो घटकेघटकेस हाक मारितो, आणि आपण हातचे काम, तोंडातला घास, बोलत बसलेले मूल, सर्व टाकून त्यास ओ देतो. ज्याचे मन दहा ठिकाणी वाटले गेले त्यास भाकरीची चवही कळत नाही.

प्रभूची गोष्ट ह्याच्या अगदी उलट. योहानकृत शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात तो भर दोन प्रहरी सूखार गावाच्या विहिरीवर थकून बसला आहे. शिष्य अन्न विकत आणावयास गेले आहेत. इतक्यात ती शमरोनी बाई पाण्यास येते व त्यांचे बोलणे सुरू होते. शिष्य परत येऊन जेवण्याचा आग्रह करितात, तो त्यास भूकच राहिलेली नाही! माझ्यापाशी निराळे अन्न आहे, असे तो म्हणतो. शिष्यांस वाटते, कोणी भाकर आणून दिली की काय. ज्याने पाठविले त्याची इच्छा पुरी करणे हे अन्न त्याने त्या तासाभरात खाल्ले होते. आमच्या प्रभूने लाकूडकामात तारुण्य घालविले, आणि एका परक्या बाईशी बोलताना त्याने आपली भूक विसरून दाखविली. तल्लीनतेचा ह्याहून स्पष्ट कित्ता आम्हांस ठाऊक नाही.

तरी एक धोका सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वर सांगितलेल्या विद्वानांनी स्वतः कबूल केले आहे की, ही शक्ती भल्याकडे वळते तशी बुऱ्याकडेही वळते. शास्त्राने हे एका अध्यायाच्या अंतरावर दाखविले आहे. बसालेलाची नेमणूक ३१ व्या अध्यायात, आणि सोन्याचे वासरू ३२ व्या अध्यायात! तेच लोक, तेच त्यांच्या कानांतले सोने, तीच हत्यारे. वासरू घडविणाराही कामात गढलाच असेल. रात्रभर पत्ते पिसणारा, आकड्यावर पैसे लावणारा, मोबाइलवरील खेळात पहाट करणारा, हेदेखील भूक, तहान व झोप विसरतात. तेव्हा केवळ स्वतःस विसरणे म्हणजे पवित्र होणे नव्हे.

मग ओळखावे कसे? ह्याचे उत्तर ३१ व्या अध्यायातच आहे, परंतु बसालेलाचे नाव आले की वाचणारा थांबतो व पुढची सहा वचने सोडून देतो. मंडपाच्या कामाची सर्व आज्ञा देऊन झाल्यावर लगेच देव म्हणतो की, माझे शब्बाथ पाळा. म्हणजे मंडपाचे काम झाले तरी सातव्या दिवशी ते ठेवावयाचे. देवाच्याच घरासाठी, देवाच्याच आत्म्याने भरून, देवाच्याच नमुन्याप्रमाणे चाललेले काम, तरी छिन्नी खाली ठेव. जे काम देवाच्या शब्दावर खाली ठेविता येते ते देवाचे. जे सोडिता येत नाही त्याने आपणांस धरिले आहे. जुगाऱ्यास पत्ते ठेविता येत नाहीत, हे आपण सर्व जाणतो. पण चांगल्या कामात गढलेल्यासही हाच काटा लावून पाहावा. असे काम मधून मधून खाली ठेविले तर ते उणे होत नाही. सोमवारी सुई, पाभर किंवा पेन्सिल हाती घेताना नवी गोडी येते.

विल्यम कॅरी (१७६१–१८३४) ह्यांचे चरित्र ह्या कामी फार उपयोगी आहे, आणि त्यांचे आपल्या भाषेवर ऋणही आहे. ते इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनशायरात जोडे शिवीत असत. दुकानाच्या भिंतीवर कागद डकवून जगाचा नकाशा काढलेला, आणि जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक व इब्री ह्यांचा अभ्यास. १७९३ साली ते बंगालात आले व १८०० पासून श्रीरामपुरास राहिले (बंगालमधील श्रीरामपूर, आपल्या नगरकडचे नव्हे). तेथून १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण, १८१० साली मराठी कोश, व १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. ह्याखेरीज झाडांचे त्यांस अतोनात वेड. परदेशाहून आलेल्या बियांच्या पिशवीतली माती झटकली, तीतून इंग्लंडातले एक साधे रानफूल उगवले, तर त्यांस मोठा ठेवा सापडल्यासारखा हर्ष झाला. सह्याद्रीत कुंभा नावाचा वृक्ष आहे. वनस्पतिशास्त्रात त्याच्या जातीस कॅरींच्या नावावरून नाव पडले आहे. भाषा व फुले, दोहोंत ते सारखेच रमत. प्रार्थनेकरितादेखील ते बागेत जात.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदाचे गठ्ठे, अनेक भाषांचे खिळे, आणि वर्षानुवर्षे हाताने लिहिलेली हस्तलिखिते जळून गेली. कॅरी त्या रात्री कलकत्त्यास होते. सकाळी सहकारी मार्शमन ह्यांनी जाऊन बातमी सांगितली. खिळे पाडण्याचे ठसे व साचे तेवढे राखेत शाबूत सापडले. त्यानंतर मंडळीपुढे उपदेश करिताना कॅरी ह्यांनी ४६ व्या स्तोत्रातील, स्तब्ध राहून देवास ओळखण्याविषयीचे वचन घेतले. आणि मग त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला. काही महिन्यांत छापखाना चालू झाला. पुढे १८२३ साली दामोदर नदीस पूर आला, बाग गेली. त्या वेळी ते साठीच्या पुढे होते, तरी पुन्हा रोपे लाविली. ज्यास केवळ पुरे झालेल्या ग्रंथावर सुख होते तो त्या रात्री मोडला असता. कॅरींचे सुख ग्रंथ करण्यात होते, आणि करणे तर आगीने जळत नाही.

एवढे सांगून थांबलो असतो तर चरित्र गोड झाले असते. पण त्यांच्या घरात दुसरी एक खोली होती. पत्नी डॉरथी ही हिंदुस्थानात येण्यास मुळात राजी नव्हती. १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचे मन बिघडले ते बिघडलेच, व १८०७ साली ती मरण पावेपर्यंत सावरले नाही. कित्येकदा तिला खोलीत कोंडून ठेवावे लागे, आणि त्याच घरात भाषांतर चाललेले असे. मुलांकडेही पुरेसे लक्ष गेले नाही, हे त्यांच्या सोबत्यांनीच लिहून ठेविले आहे. त्या काळी अशा दुखण्यावर औषध ठाऊक नव्हते, म्हणून दोष देण्यास आम्ही धजत नाही. परंतु कामात बुडालेल्या मनुष्यास पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकू येईनासा होतो, ही गोष्ट खरी आहे, आणि ती मिशनरी, पाळक, कीर्तनकार, शिक्षक ह्या सर्वांच्या घरांतून खरी आहे. छिन्नी खाली ठेवण्याची आज्ञा केवळ विसाव्याकरिता नाही. त्या दिवशी घरातल्या माणसाच्या तोंडाकडे पाहावयाचे असते.

आमच्या उपदेशक बंधूंस येथे दोन शब्द अधिक सांगावयाचे आहेत. महिनाअखेर अहवालाचा कागद भरावयाचा असतो : भेटी किती, उपासना किती, पत्रके किती. हे रकाने आवश्यक आहेत. पण रकान्यांकरिता भेटी होऊ लागल्या म्हणजे उपदेशकही विटाच थापू लागतो, आणि मुकादम कोणी दुसरा नसून तो स्वतःच असतो. पंडिता रमाबाई ह्यांच्याकडे पाहावे. साध्या खेडवळ बायांस वाचून समजेल असे मराठी शास्त्र असावे, ही त्यांची तळमळ. त्यासाठी त्यांनी ग्रीक व इब्री भाषांचा अभ्यास केला, केडगावास मुक्तीसदनातच छापखाना घातला, आणि तेथल्या स्त्रियांस खिळे जुळविण्यास शिकविले. शेकडो माणसांचे घर चालवून हे काम त्यांनी अनेक वर्षे केले. कान मंद झाले होते; जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमाबाई गेली. तरी हस्तलिखित पुढे सरकतच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. छापलेला ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. तो हातात घेणे त्यांच्या नशिबी आले नाही, पण शब्द शोधण्याचा एकेक दिवस त्यांच्या वाट्यास पुरेपूर आला होता.

प्रत्येक उपदेशकास रमाबाईंची विद्वत्ता कोठून येणार? नये. पण आठवड्यातून एक तरी वचन असे घ्यावे की ज्याच्याशी अहवालाचा संबंध नाही. ते शेतावर जाताना मनात घोळवावे, त्यास गावच्या बोलीत शब्द शोधावा, तो जुळला नाही तर टाकून दुसरा शोधावा. हे करिता करिता दिवा मालवावयाचे विसरले, तर घरधनीण रागावेल खरी. पण रविवारी मंडळी झोपणार नाही. बसालेलास दुसऱ्यांस शिकविण्याची इच्छाही देवानेच दिली, असे ३५ व्या अध्यायात आहे. ज्यास स्वतःस गोडी नाही तो काय शिकविणार? आणि ज्यास गोडी आहे त्याच्याभोवती मुले आपोआप जमतात. लोहाराच्या भात्यापाशी जमतात तशी.

ही मुलांची गोष्ट आमच्या मनास फार लागून राहिली आहे. आपली मुले शिकतात, शहरात जातात, हे चांगलेच आहे. परंतु दोर वळण्याची, वेताची टोपली विणण्याची, गोधडीचा टाका घालण्याची कला पुष्कळ घरांत ह्या पिढीबरोबर संपत आली आहे. जातीने लादली म्हणून ती टाकावीशी वाटते, आणि लादणे टाकलेच पाहिजे. पण मिसरातून निघताना इस्राएलांनी आपले हात मिसरातच ठेविले नाहीत.

यास्तव येत्या हंगामाच्या सणाविषयी मंडळ्यांस आमची एक विनंती आहे. धान्य, भाजी, कोंबडी हे नेहमीप्रमाणे आणावेच. त्याबरोबर प्रत्येक घराने आपल्या हातची एक वस्तू आणावी : जी करिताना आपण वेळ विसरलो अशी. गोधडी, दोर, मडके, दुरुस्त केलेली शिवणयंत्राची पेटी, मुलीने काढलेले चित्र, स्वतः रचलेले भजन, काहीही चालेल. विकत आणलेली मात्र नको. उपदेशकांनी त्या दिवशी निर्गमाचा ३५ वा अध्याय २० व्या वचनापासून पुढे वाचावा, आणि वस्तू आणणाऱ्याने उभे राहून ती कशी केली एवढेच दोन वाक्यांत सांगावे. धान्याचा लिलाव होतो तसा ह्या वस्तूंचा त्या दिवशी करू नये. त्या संध्याकाळपर्यंत मंदिरातच ठेवाव्या, म्हणजे मुलांस हात लावून पाहता येतील.